बी. ए. होणाऱ्या मुलांनीं जोड-विषय कोणते घ्यावे ?

बारावीच्या निकालानंतर भरलेल्या शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत झालेलें भाषण



बारावीचे निकाल लागले. ज्या घरचें मूल पास झालें त्या घरीं पेढे वांटले गेले आणि दुसऱ्याच दिवशीं हिशेबाला सुरुवात झाली. फी किती, वसतिगृहांत जागा मिळेल कीं खोली घ्यावी लागेल, एस. टी.चा पास कधीं होईल, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठें भरावयाचा ? हे सगळे प्रश्न रास्त आहेत, कारण पैसा आपल्या घामाचा आहे. पण एक प्रश्न आपल्या घरांतून कोणी विचारीत नाहीं. मुलगा किंवा मुलगी तीन वर्षें तेथें शिकणार काय ? "बी. ए.ला घातला" एवढें सांगितलें कीं आपलें काम संपलें असें आपण समजतों. बैल घ्यावयाचा तर आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, दोन पावलें चालवून पाहतों. मुलाचे विषय मात्र कॉलेजच्या खिडकीपाशीं रांगेंत उभें राहून, मागच्याचा धक्का खात, पांच मिनिटांत ठरतात. त्या पांच मिनिटांची किंमत पुढें कित्येक वर्षें भरावी लागते. म्हणून आज आम्ही याच एका गोष्टीवर बोलणार आहों.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. कला शाखा म्हणजे उरलेल्यांची शाखा, असें गांवोगांव सर्रास बोललें जातें. ज्याला सायन्स झेपत नाहीं, ज्याच्या बापाजवळ इंजिनिअरिंगची फी नाहीं, तो बी. ए.ला. हें बोलणें खोटें आहे. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकीं एखादा विषय जो नीट शिकला त्याला जाडजूड कागद वाचून त्यांतलें सार काढतां येतें, दोन परस्परविरुद्ध साक्षी तोलतां येतात, आणि आपलें म्हणणें चार लोकांना पटेल असें लिहितां येतें. सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून बँकेच्या करारापर्यंत जेथें जेथें आपण फसतों तेथें याच विद्येची उणीव असते. तेव्हां मूल आवडीनें बी. ए.ला जात असेल तर त्याला आडवूं नका.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२३ सालीं महाराष्ट्रांत तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची भरती निघाली आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. शिक्षणाची मुख्य अट काय, तर उमेदवार कोणत्याही शाखेचा पदवीधर असावा. म्हणजे एकेका जागेमागें दोनशेंहून अधिक माणसें. जी वस्तू रांगेंतल्या प्रत्येकाजवळ आहे तिच्या बळावर कोणी पुढें सरकत नाहीं, आणि नुसती पदवी ही आज तशी वस्तू झाली आहे. अशा एकाच रांगेंत उभें राहून, शहरांतल्या खोलीचें भाडें भरीत, वयाची तिशी गांठणारीं मुलें तुमच्याही नात्यांत असतील. त्यांची बुद्धी कमी नव्हती, कष्टही कमी नव्हते. पदवीच्या तीन वर्षांत दुसरी कोणती वाट धरून ठेवावी हें त्यांना वेळेवर कोणी सांगितलें नाहीं.

ही दुसरी वाट म्हणजे काय, तें शेतकऱ्याला समजावून देण्याची गरज नाहीं. कपाशींत आपण तुरीच्या ओळी घालतों. मुख्य पीक कपाशीच, पण एखाद्या सालीं भाव पडला, बोंडअळी आली, तर त्या तुरीवर घर तगतें. सुताराचा मुलगा रंधा शिकतो तसा पॉलिशही शिकतो. शिंप्याची मुलगी कापड बेतायला शिकते तशी गिऱ्हाइकाचा हिशेब ठेवायलाही शिकते. पदवीचेंही तसेंच आहे. मुख्य विषय मुलाच्या आवडीचा असूं द्या. आंतरपीक मात्र बाजार पाहून पेरा.

आंतरपिकाला जागा आहे कीं नाहीं ? आहे, आणि पूर्वीपेक्षां अधिक आहे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें महाराष्ट्रांत पदवीची रचना बदलली. २०२३-२४ पासून स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४-२५ पासून विद्यापीठांशीं संलग्न कॉलेजांत ती लागू झाली. शिक्षणाचें माप आतां क्रेडिटमध्यें मोजतात. वर्गांतल्या शिकवण्याचे साधारण पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६०. यांतला मोठा वाटा मुख्य विषयाचा, त्याला मेजर म्हणतात. त्याच्या खालोखाल दुय्यम विषय, तो मायनर. याशिवाय दुसऱ्या शाखेंतून घ्यावयाचे खुले विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषेचे अभ्यासक्रम, आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्र-प्रकल्प असे निरनिराळे कप्पे असतात. या कप्प्यांत काय भरावें हें पुष्कळ अंशीं विद्यार्थ्याच्या हातीं असतें. बी. ए.च्या मुलाला कॉमर्सचा हिशेब किंवा सायन्सचा कॉम्प्युटर शिकण्याचें दार येथें उघडतें. प्रत्येक कॉलेजांत सर्व विषय मिळत नाहींत हें खरें. म्हणूनच प्रवेश घेण्याआधीं यादी मागावयाची.

आतां हे विषय प्रत्यक्षांत कसे निवडले जातात तें पाहा. अमुक पेपर सोपा आहे, मार्क मिळतात. तमुक पेपराला मित्र आहे. एकाचा तास सकाळचा आहे, म्हणजे दुपारची गाडी सांपडते. ज्याच्या घरीं बाप वकील, काका प्रोफेसर, त्या मुलाला घरबसल्या सल्ला मिळतो. आपल्या मुलाला सल्ला कोण देणार ? रांगेंत पुढें उभा असलेला मुलगा, जो स्वतःच मागच्या वर्षीं कोणाला तरी विचारून गोंधळला होता ! ही उणीव भरून काढण्याची एकच रीत आहे. नोकरीच्या जाहिरातीपासून उलटें मागें चालत या. मुलाला जें काम करावेंसें वाटतें त्या कामाची जुनी जाहिरात काढा, तींतली शिक्षणाची अट शब्दशः वाचा, आणि मग विषयांच्या यादीकडे वळा.

हें आम्ही उगीच सांगत नाहीं. कांहीं दाखले घ्या. केंद्र सरकारच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनकडून स्टॅटिस्टिकल इन्व्हेस्टिगेटर या पदाची भरती होते. पदवी कोणत्याही शाखेची चालते, परंतु तींत संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. आणि जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलें असतें कीं तो तिन्ही वर्षें, म्हणजे सहाही सेमिस्टर, शिकलेला असला पाहिजे. अर्थशास्त्राच्या मुलानें गंमत म्हणून एका सेमिस्टरला संख्याशास्त्र घेतलें आणि पुढें सोडलें, तर त्याला हें दार बंद. त्याच मुलानें तें प्रत्येक सेमिस्टरला धरून ठेवलें असतें तर बी. ए. असूनही तो अर्ज करूं शकला असता.

दुसरा दाखला. केंद्राच्या कार्यालयांत हिंदी अनुवादकांच्या जागा असतात. हिंदींत एम. ए. झालेल्याला त्या मिळूं शकतात, पण पदवीला इंग्रजी हा अनिवार्य किंवा ऐच्छिक विषय असावा, नाहींतर परीक्षेचें माध्यम तरी इंग्रजी असावें, अशी अट येते. अनुवादाची पदविका अथवा कामाचा अनुभव हा वेगळाच. आतां जो मुलगा इंग्रजीला भिऊन सगळ्या कप्प्यांतून तिला हुसकावून लावतो, तो पांच वर्षांनीं मिळणाऱ्या जागेवर आज स्वतःच्या हातानें रेघ मारतो. त्याला तें त्या वेळीं कळतही नाहीं.

तिसरा दाखला घरगुती आहे. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेला पदवीबरोबर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, असें टंकलेखनाचें प्रमाणपत्र लागतें. त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पदवी हातीं आल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां दुसऱ्या वर्षाच्या सुट्टींत हें काम उरकतें. शिक्षक व्हावयाचें असेल तर शाळेंत शिकवला जाणारा विषय पदवीला हवा. राज्यसेवेला बसावयाचें असेल तर २०२५ च्या परीक्षेपासून तिची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली असून तींत एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आले आहेत, हें ध्यानांत ठेवून मेजर निवडावा. अटी वेळोवेळीं बदलतात. म्हणून आमच्या बोलण्यावर थांबूं नका, ताजी जाहिरात स्वतः वाचा.

सरकारी नोकरीच्या बाहेरही जग आहे, आणि तें मोठें आहे. तेथें अट छापलेली नसते. तेथें विचारतात, तुला करतां काय येतें? या प्रश्नाला एका वाक्यांत उत्तर देतां यावें, असे जोड-विषय हवे. मुख्य विषयागणिक आम्ही थोडक्यांत सांगतों.

भूगोल घेणाऱ्यानें कॉम्प्युटरवर नकाशे करण्याचें शास्त्र, ज्याला जी. आय. एस. म्हणतात, तें शिकावें. त्याचें क्यू. जी. आय. एस. नांवाचें साधन फुकट मिळतें. गांवठाणाची ड्रोन-मोजणी, पाणलोटाचीं कामें, पिकांच्या नुकसानीचा अंदाज, शहरांच्या योजना, या सर्वांना असा माणूस लागतो. शेतकऱ्याच्या मुलाला बांध, ओढा आणि चढउतार ठाऊक असतातच. नकाशा हें त्याच ज्ञानाचें कागदावरचें रूप होय.

अर्थशास्त्र घेणाऱ्यानें संख्याशास्त्र आणि हिशेब-लेखन सोडूं नये. दूधसंस्था, पतसंस्था, बचतगट, शेतकरी उत्पादक कंपन्या या सर्व ठिकाणीं खरें दुखणें एकच असतें: वह्या वेळेवर लिहिल्या जात नाहींत. ज्याला ताळेबंद वाचतां येतो आणि कॉम्प्युटरच्या तक्त्यांत आंकडे मांडतां येतात त्याला तालुक्याच्या गांवींही काम सांपडतें.

इतिहास घेणाऱ्यांना लोक विचारतात, मढीं उकरून काय मिळणार ? त्यांना २०२३ सालची गोष्ट सांगा. त्या वर्षीं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनें कुणबी नोंदी शोधण्याचें काम हातीं घेतलें. जुन्या दप्तरांतल्या पुष्कळ नोंदी मोडी लिपींत निघाल्या, आणि मोडी वाचणारीं माणसें जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावीं लागलीं. ज्या लिपीला कोणी विचारीत नव्हतें तिच्या जाणकाराच्या दारीं सरकारी माणूस आला. जमिनीचे जुने कागद, वतनाच्या सनदा, न्यायालयांतले दाखले, यांसाठीं मोडी आजही लागते. इतिहासाच्या मुलानें मोडी, दफ्तर जतन करण्याचें शास्त्र आणि कागद स्कॅन करून सूची बनवण्याची रीत हे तीन शिकून घ्यावे.

मराठी अथवा हिंदी घेणाऱ्यानें भाषांतर, मुद्रितशोधन आणि युनिकोडमधलें टंकलेखन शिकावें, आणि इंग्रजीशीं वैर करूं नये. दोन भाषा नीट येणाऱ्या माणसाला एका भाषेच्या विद्वानापेक्षां लवकर काम मिळतें. समाजशास्त्र व मानसशास्त्र घेणाऱ्यांनीं पाहणी कशी करावी, प्रश्नावली कशी लिहावी, आंकडे कसे मांडावे हें शिकावें. मात्र मानसशास्त्रांत बी. ए. झालें म्हणजे उपचार करण्याचा अधिकार मिळाला असें समजूं नये; त्याला पुढचें शिक्षण लागतें. राज्यशास्त्राच्या मुलानें पंचायतीचा कायदा, २००५ चा माहितीचा अधिकार, अर्ज आणि अहवाल लिहिण्याची पद्धत हातीं धरावी. आणि विषय कोणताही असो, कॉम्प्युटरवर तक्ता करणें आणि मराठींत व इंग्रजींत एक शुद्ध, मुद्देसूद पत्र लिहिणें, हीं दोन कामें ज्याला येत नाहींत त्यानें पदवीची चौकट भिंतीवर टांगण्याची घाई करूं नये.

एक इशारा मात्र देऊन ठेवतों. विषयाच्या नांवाला भुलूं नका. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे साधारण तीस तास. तीस तासांत कोणी मुनीम होत नाहीं कीं नकाशे काढणारा होत नाहीं. एका सेमिस्टरला पर्यटन, दुसऱ्याला योग, तिसऱ्याला छायाचित्रण अशी खिचडी केली तर गुणपत्रिका लांब होते आणि हात रिकामे राहतात. एकच दिशा धरा आणि मायनर, खुले विषय, कौशल्याचे पेपर, क्षेत्र-प्रकल्प हे सगळे त्याच दिशेला जुंपा. आणि प्रत्येक वर्षाच्या अखेरीस दाखवतां येईल असें कांहीं तरी हातानें केलेलें असूं द्या. भूगोलाच्या मुलीनें आपल्या गांवच्या विहिरींचा नकाशा करावा. अर्थशास्त्राच्या मुलानें बचतगटाचा वर्षाचा हिशेब मांडून द्यावा. मुलाखत घेणाऱ्यापुढें असा एक कागद ठेवला तर तो दहा प्रमाणपत्रांपेक्षां जास्त बोलतो.

कारागीर बांधवांना येथें वेगळें सांगणें आहे. तुमच्या घरांत भट्टी आहे, माग आहे, चाक आहे, लेथ आहे. मूल कॉलेजांत गेलें कीं त्याला या गोष्टींची लाज वाटूं लागते, आणि कधींकधीं आपणच ती लाज त्याला शिकवतों. क्षेत्र-प्रकल्प आपल्याच धंद्यावर करावयास त्याला सांगा. एका घागरीला, एका लुगड्याला, एका खुर्चीला माल किती, मजुरी किती, दलालाचें किती, हा हिशेब त्यानें पहिल्यांदा कागदावर मांडावा. तो हिशेब त्याच्या पेपरालाही उपयोगी पडेल आणि तुमच्या दुकानालाही. नोकरी लागली तर उत्तमच. न लागली तर धंदा डोळसपणें करणारा माणूस घरांत तयार होईल.

पैशाविषयीं दोन शब्द. नोकरीची हमी देणारे खासगी क्लास तालुक्यातालुक्यांत निघाले आहेत आणि त्यांच्या फीसाठीं दागिने गहाण पडतात. तेथें पैसे मोजण्याआधीं फुकटांत काय मिळतें तें पाहा. केंद्र सरकारच्या स्वयम् या योजनेंत घरीं बसून विद्यापीठाचे अभ्यासक्रम शिकतां येतात. शिकणें विनामूल्य आहे, फी पडते ती परीक्षेपुरती. २०२१ च्या यू. जी. सी.च्या नियमाप्रमाणें एका सेमिस्टरच्या चाळीस टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम अशा रीतीनें घेण्यास कॉलेज मुभा देऊं शकतें. पण आधीं कॉलेजकडून लेखी मान्यता घ्या. नाहींतर शिकलेलें गुणपत्रिकेवर चढत नाहीं. २०२२ पासून दोन पदव्यांचें शिक्षण एकाच वेळीं घेण्यासही परवानगी आहे, तेव्हां कॉलेजची पदवी करतांना मुक्त विद्यापीठाचा दुसरा अभ्यासक्रम करतां येतो. मात्र ज्या मुलाला शेतावरचीं कामें उरकून कॉलेज गांठावें लागतें त्याच्यावर दोन ओझीं लादूं नका. एक धड झालेलें बरें.

आणि मुलींविषयीं. मुलीचे विषय ठरवतांना "कोठें नोकरी करावयाची आहे तिला !" असें म्हणून सर्वांत सोपे पेपर तिच्या पदरीं घालणारे पालक आम्ही पाहिले आहेत. बंधूंनो, कोणत्या घरावर केव्हां कशी वेळ येईल हें कोणी सांगावें ? कर्ता पुरुष गेला, पाऊस गेला, तर त्या घराचा भार पहिल्यांदा बाईच्याच खांद्यावर येतो. हिशेब, कॉम्प्युटर आणि इंग्रजी हीं मुलीला मुलाइतकींच लागतात. आम्ही तर म्हणूं, कांकणभर जास्तच.

कोणी म्हणेल, विद्या ही पोटासाठीं कां मोजावी ? १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुल्यांनीं निवेदन दिलें. त्या वेळचें उंच शिक्षण कारकून आणि मास्तर यांपलीकडे कोणाच्या व्यवहाराला उपयोगी पडत नाहीं अशी त्यांची तक्रार होती. खेड्यांतल्या मुलांना काय शिकवावें याची यादीही त्यांनीं दिली: मोडी व बाळबोध वाचणें-लिहिणें, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य. पाहा, इतिहास आहे आणि हिशेबही आहे. व्याकरण आहे आणि शेतीही आहे. मनाची विद्या आणि हाताची विद्या यांची फारकत त्या यादींत कोठेंही नाहीं.

आतां घरीं गेल्यावर करावयाचें काय, तें सांगून संपवतों. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधीं एक दिवस मोडा आणि मुलाबरोबर कॉलेजांत जा. तुम्हांला इंग्रजी येत नसेल तरी जा. सर्व सेमिस्टरांची विषयांची यादी मागा, आणि कोणता विषय खरोखर शिकवला जातो व कोणता नुसता कागदावर आहे तें विचारा. शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गांठा. मुलाला आवडणाऱ्या दोन कामांच्या जाहिराती काढून त्यांतल्या अटी एका वहींत उतरवा. मग रात्रीं घरांत बसून, सर्वांसमक्ष, तीन वर्षांचा बेत त्याच वहींत लिहून काढा. कोणताही विषय नोकरीची हमी देत नाहीं, आणि तशी हमी आम्हीही देत नाहीं. पण पेरणीआधीं जो शेत पाहतो, बियाणें पारखतो, त्याचें पीक उगवून येण्याचा संभव अधिक असतो हें तुम्हांला आमच्यापेक्षां जास्त ठाऊक आहे. फॉर्म भरण्याची मुदत थोडी असते. उद्यांच वही काढा, एवढें सांगून आम्ही आपली रजा घेतों.